वजनाच्या शस्त्रक्रियेनंतरचे घोटलेले जेवण

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर जेवण टप्प्याटप्प्याने सुरू होते. पहिले एक-दोन दिवस नुसते निवळ पातळ पदार्थ, मग साधारण दोन आठवड्यांपर्यंत दूध, ताक, गाळलेले सूप. त्यानंतर दोन ते चार आठवडे घोटलेले अन्न आणि मग मऊ जेवण. नेमके दिवस प्रत्येक सर्जन आपल्या रुग्णाकडे पाहून ठरवतो. यातला घोटलेल्या अन्नाचा टप्पा सगळ्यांत जास्त काळजीचा, कारण तो घरीच काढायचा असतो. रुग्णालयातला मुक्काम बहुधा दोन-तीन दिवसांचा. कोकणातल्या फोंडाघाट गावचा रुग्ण घाट चढून राधानगरीवरून कोल्हापूरला जावो, नाहीतर पुण्या-मुंबईला. घोटलेले खायची वेळ येते तेव्हा तो घरी परतलेला असतो आणि त्याच्या वाटीत काय पडते ते घरच्यांच्या हातात असते.

ही शस्त्रक्रिया आता मराठी माणसाला ऐकून तरी माहीत आहे. भाजपचे तेव्हाचे राष्ट्रीय अध्यक्ष नितीन गडकरी यांनी २०११ साली ती मुंबईत करून घेतली. २०१७ साली इजिप्तहून आलेल्या इमान अहमद यांच्यावर मुंबईच्या सैफी रुग्णालयात ती झाली, तेव्हा तिच्या बातम्या गावोगाव पोहोचल्या. ‘स्लीव्ह’ प्रकारात जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि १०० ते १५० मिलिलिटर मावेल एवढी अरुंद नळी उरते. ‘बायपास’ प्रकारात जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. दोन्हींत कापलेल्या कडा टाचण्यांनी बंद केलेल्या असतात. त्या भरून येईपर्यंत आतून सूज असते. अशा वेळी नीट न चावलेला घास अडकतो, उलटी होते आणि ताज्या शिवणीवर ताण येतो. म्हणून चावण्याचे काम आधीच मिक्सरने उरकायचे. अन्न गुळगुळीत हवे, त्यात गाठ, साल, धागा किंवा बी नको, आणि चमच्यावर ठरेल इतपत घट्ट हवे.

कोकणात आजारी माणसाला पहिली आठवते ती पेज. उकड्या तांदळाची मऊ पेज पोटाला हलकी असते हे खरे, पण या रुग्णाची मुख्य गरज तिने भागत नाही. त्याला दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिने लागतात. ती मिळाली नाहीत तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात, अशक्तपणा येतो, केस गळतात. पेजेत मुख्यतः पाणी आणि पिष्ट. शिवाय जेवण आणि पाणी यांत अर्ध्या तासाचे अंतर ठेवा असे डॉक्टर बजावतात, आणि पेज तर एकाच वाटीत दोन्ही. चार-पाच चमच्यांत भरणारे जठर पेजेने भरले की प्रथिनांना जागाच उरत नाही. पेज द्यायचीच असेल तर ती पाण्याच्या हिशेबात, जेवणापासून दूर, घोट घोट द्यावी. जेवण म्हणून नको.

जेवण म्हणून याच स्वयंपाकघरात कुळथाची पिठी आहे. भाजून दळलेल्या कुळथात वजनाच्या पाचव्या हिश्शाहून थोडी जास्त प्रथिने असतात, म्हणजे दोन मोठे चमचे पिठातून चार-साडेचार ग्रॅम मिळतात. रुग्णासाठी ती करताना मिरची आणि ओले खोबरे वगळावे. खोबऱ्याचा चव कितीही वाटला तरी चोथा राहतोच. थोड्या तेलात जिरे आणि ठेचलेली लसूण परतून पाणी घालावे, उकळी फुटली की थंड पाण्यात कालवलेले पीठ एका हाताने सोडत दुसऱ्या हाताने ढवळत राहावे. चवीला एखादे आमसूल टाकून नंतर काढून घ्यावे. पिठी रटरटून घट्ट झाली की गाळणीतून घोटून काढावी. नेहमी भातावर ओततात तशी पातळ ती इथे उपयोगाची नाही.

त्याहून भरघोस प्रथिने माशात. ५० ग्रॅम शिजलेल्या मासळीत सुमारे १० ग्रॅम, आणि मासळी मटणापेक्षा किती तरी लवकर घोटली जाते. सुरमई किंवा पापलेटची तुकडी वाफवावी, मांस बोटांनी सुटे करून काटा चाचपावा, पुन्हा एकदा चाचपावा, मगच थोड्या गरम पाण्याबरोबर मिक्सरमध्ये फिरवावे. बांगडा स्वस्त आणि पौष्टिक, पण त्याचे बारीक काटे पाहता घोटल्यावर तो गाळूनच घ्यावा. शाकाहारी घरात मुगाची घोटलेली डाळ, दह्याचा चक्का, दुधाबरोबर मिक्सरमधून काढलेले पनीर चालते. अंडे चालत असेल तर एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने. एवढे करूनही ६० ग्रॅमचा पल्ला गाठणे कठीण जाते, म्हणून आहारतज्ज्ञ बहुधा प्रथिनांची पावडरही देतात. ती महाग असली तरी या आठवड्यांत टाळू नये.

नाचणीचे सत्त्व दुधात शिजवून देता येते. नाचणीत कॅल्शियम चांगले, प्रथिने बेताची, म्हणून आधी पिठी किंवा मासळी आणि मग नाचणी असा क्रम ठेवावा. उन्हाळ्यात आमरसाचा मोह होतो. तो घोटलेलाच पदार्थ, मग काय हरकत, असे घरचे म्हणतात. हरकत साखरेची आहे. विशेषतः बायपासनंतर गोड पदार्थ भराभर आतड्यात उतरतो आणि धडधड, घाम, चक्कर, जुलाब सुरू होतात. कोकम सरबताचेही तेच. बिनसाखरेचे आमसुलाचे पाणी घ्यावे. फणसाचा गरा धाग्यांमुळे नको, आणि ओल्या काजूंची उसळ काही आठवडे विसरावी.

खाण्याची रीतही बदलते. लहान चमचा, एका वेळी चार-पाच चमचे, त्याला वीस ते तीस मिनिटे, दिवसातून पाच-सहा वेळा. छातीच्या मधोमध दाब वाटला, उचकी लागली किंवा नाकातून पाणी येऊ लागले की जठर भरले असे समजून तिथेच थांबावे. ‘आणखी दोन घास घे’ हा आपल्याकडचा आग्रह मायेचा असतो, पण या माणसाला त्या दोन घासांनी उलटी होते. जेवणांच्या मधल्या वेळेत घोट घोट करून दिवसभरात दीड लिटर तरी पाणी पोटात जायला हवे.

उलट्या थांबत नसतील, पाणीही टिकत नसेल, तर घरगुती उपायांत दिवस घालवू नये. सततच्या उलट्यांनी शरीरातले थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व संपते आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ताप, नाडीची धडधड, पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखणे ही शिवण गळत असल्याची लक्षणे असू शकतात. ती दिसताच सर्जनला फोन करून निघावे. पावसात दरड कोसळून घाट बंद असेल तर वाट पाहत न थांबता कणकवलीच्या बाजूने मोठे रुग्णालय गाठावे.

घोटलेले अन्न त्रासाविना पचू लागले की आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने मऊ पदार्थ सुरू होतात, एका वेळी एकच नवा पदार्थ: गुरगुट्या भात, चुरून घेतलेली तुकडी, मऊ शिजलेली भाजी. ब-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या किंवा इंजेक्शने मात्र जेवण पूर्ववत झाल्यावरही थांबत नाहीत. ती जन्मभर घ्यावी लागतात, आणि त्यासाठी ठरावीक मुदतीने रक्त तपासून घ्यावे लागते.