चाबकाचे काय?

कारहुणवीला ज्या बैलाची शिंगे रंगवून आपण ओवाळतो, त्याचीच शेपटी शर्यतीत पिरगाळतो. नेमके याच्यावर ‘पेटा इंडिया’ आणि भारतीय पशुकल्याण मंडळाने न्यायालयात बोट ठेवले. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली. मंगळूरकडील रेड्यांची कंबळही अडकली. गावोगाव संताप उसळला, आणि तो समजण्यासारखा होता. २०१७ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकाने कायदे बदलले. १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ते वैध ठरवले.

मग संस्था हरली का? पुरती नाही. शर्यत परत आली ती अटी घेऊनच, आणि त्या काटेकोर पाळल्या जातात की नाही, ही जबाबदारी न्यायालयाने जिल्हाधिकाऱ्यांवर टाकली. पुढच्या शर्यतीला गेलात, तर गाडीवानाच्या हाताकडे जरूर पाहा.