साध्या प्राण्यांमधील स्मृतिदृढीकरण

स्मृतिदृढीकरण म्हणजे नव्याने शिकलेल्या गोष्टीची अस्थिर स्मृती कालांतराने स्थिर होण्याची प्रक्रिया होय. ही संकल्पना गेऑर्ग म्यूलर व आल्फोन्स पिल्ट्सेकर या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी १९०० मध्ये मांडली. मोजक्या चेतापेशी असलेल्या प्राण्यांमध्ये ही प्रक्रिया पेशींच्या पातळीवर अभ्यासता येते.

समुद्री गोगलगाय

ॲप्लिसिया या समुद्री गोगलगाईच्या चेतासंस्थेत सुमारे २०,००० चेतापेशी असतात. स्पर्श होताच ती आपला कल्ला आत ओढून घेते. शेपटीला विजेचा एक झटका दिल्यास हलक्या स्पर्शालाही ती अधिक जोराने प्रतिसाद देते. मात्र हा परिणाम लवकर ओसरतो. हेच झटके अंतराअंतराने अनेकदा दिल्यास तो कित्येक दिवस टिकतो.

अल्पकालीन स्मृतीत सेरोटोनिनच्या प्रभावाने पेशीतील आधीच असलेल्या प्रथिनांमध्ये बदल होतो. दीर्घकालीन स्मृतीसाठी ‘क्रेब’ हे प्रथिन पेशीकेंद्रकातील जनुके कार्यान्वित करते, नवी प्रथिने तयार होतात आणि चेतापेशींना जोडणाऱ्या चेतासंधींची संख्या वाढते. प्रथिननिर्मिती रोखल्यास अल्पकालीन स्मृती शाबूत राहते, परंतु दीर्घकालीन स्मृती निर्माण होत नाही. या संशोधनातील योगदानाबद्दल एरिक कँडेल यांना २००० साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

फळमाशी

विशिष्ट वासासोबत विजेचा झटका दिल्यास फळमाशी तो वास टाळण्यास शिकते. प्रशिक्षणानंतर लगेच तिला थंड करून निश्चेष्ट केल्यास बरीचशी स्मृती पुसली जाते; काही तासांनी तसे केल्यास तिचा बराच भाग टिकून राहतो. मध्ये विश्रांती देऊन केलेल्या प्रशिक्षणाची स्मृती सलग केलेल्या तेवढ्याच प्रशिक्षणापेक्षा अधिक काळ टिकते.

पुनर्दृढीकरण

स्थिर झालेली स्मृतीही कायम अबाधित राहतेच असे नाही. अर्जेंटिनातील संशोधकांनी खेकड्यांना डोक्यावरून सरकणाऱ्या सावलीसारख्या आकृतीची सवय लावली. ही स्मृती प्रशिक्षणाच्या जागेशी निगडित असते. दुसऱ्या दिवशी खेकड्यांना थोडा वेळ त्याच जागी ठेवून प्रथिननिर्मिती रोखणारे औषध दिले असता, पुढील चाचणीत ती स्मृती आढळली नाही. वेगळ्या जागी ठेवून तेच औषध दिलेल्या खेकड्यांची स्मृती मात्र टिकली. यावरून, आठवण जागी झाल्यावर स्मृती काही काळ पुन्हा अस्थिर होते आणि टिकण्यासाठी तिला नव्याने दृढ व्हावे लागते, असा निष्कर्ष काढला जातो.