मॅट्रिक ते सीईटी : प्रवेशाच्या उंबरठ्यावर

लालबागच्या चाळीतून केईएम रुग्णालयात पायी जाता येते. त्याच आवारात १९२६ पासून शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आहे. दादरकराला माटुंग्याची व्हीजेटीआय जवळची. १८८७ साली स्थापन झालेली ही संस्था १९२३ पासून माटुंग्यात आहे. आजारी आजोबांना केईएमच्या ओपीडीत नेणारी, व्हीजेटीआयच्या भिंतीलगतच्या रस्त्याने रोज क्लासला जाणारी मुले या भागात घरोघरी आहेत. पण या दोन फाटकांतून विद्यार्थी म्हणून आत जायचे, तर आधी तीन तासांची एक परीक्षा द्यावी लागते. तिचे केंद्र घरापासून दूर, ज्या उपनगरात पूर्वी पाऊल ठेवले नाही तिथेही येऊ शकते. घराजवळच्या कॉलेजात पोहोचण्याचा हा वळसा मुंबईला नवा नाही.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ची. आरंभीच्या काळात त्याला स्वतःची इमारत नव्हती. कचेरी फोर्टातल्या टाउन हॉलमध्ये होती. पहिली मॅट्रिक्युलेशन १८५९ साली झाली. पुढे घराघरांत ‘मॅट्रिक’ म्हणजे शाळेचा शेवट असा अर्थ रूढ झाला, पण मुळात ती विद्यापीठात शिरण्याची प्रवेशपरीक्षा होती. शाळेत काय शिकवले याच्याशी विद्यापीठाला कर्तव्य नव्हते. उमेदवार पुढचे शिक्षण पेलू शकेल का, एवढाच प्रश्न होता. त्या वर्षी सव्वाशेहून जास्त उमेदवार बसले आणि जेमतेम वीस-बावीस उत्तीर्ण झाले. त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. स्त्रियांना विद्यापीठाचे दार १८८३ साली उघडले, म्हणजे परीक्षा सुरू झाल्यानंतर चोवीस वर्षांनी.

त्या मॅट्रिकमध्ये आणि आजच्या परीक्षेत एक मूलभूत फरक आहे. मॅट्रिकला उत्तीर्णतेची रेघ होती. ती ओलांडली की शेजारच्याला किती गुण पडले याने काही बिघडत नसे. आजच्या परीक्षेत अशी रेघ नावापुरतीच उरली आहे. जागा ठरलेल्या आणि इच्छुक कितीतरी पट, त्यामुळे आपण कितवे हेच महत्त्वाचे. केंद्रावर जे जे घडते त्याचा उगम या एका गोष्टीत आहे.

नीटचेच पाहू. दुपारी दोनला सुरू होणाऱ्या पेपरासाठी दीड वाजता फाटक बंद होते आणि त्यानंतर कोणाच्याही विनवणीचा उपयोग होत नाही. प्रवेशपत्र, छायाचित्र आणि मूळ ओळखपत्र हवे. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बूट चालत नाहीत. घड्याळ घरी ठेवायचे. पेनसुद्धा केंद्रावरच मिळते. अंगझडती आणि बायोमेट्रिक नोंद होते. सतरा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा वाटते, आपल्यावर संशय घेतायत. आई-वडिलांनी आदल्या दिवशीच समजावून सांगावे, की हा संशय त्याच्यावर नाही. एका गुणाने शेकडो क्रमांक खालीवर होतात, म्हणून प्रत्येकाला सारख्याच चाळणीतून काढतात.

राज्याची एमएचटी-सीईटी संगणकावर होते. पडद्याच्या एका बाजूला प्रश्नक्रमांकांची चौकट असते. उत्तर दिलेले, न दिलेले, पुन्हा पाहण्यासाठी राखलेले आणि अजून न उघडलेले प्रश्न तिथे वेगवेगळ्या रंगांत दिसतात. वेळ पडद्यावरच उलटा मोजला जातो आणि संपला की पेपर आपोआप जमा होतो. अभियांत्रिकीच्या गटात भौतिक आणि रसायनशास्त्राला मिळून नव्वद मिनिटे, तर गणिताला स्वतंत्र नव्वद मिनिटे. एका भागात वाचलेला वेळ दुसऱ्याला देता येत नाही. सराव करताना ही वाटणी पाळली नाही, तर गणिताचा पेपर सोपा असूनही हातून जातो.

चुकीच्या उत्तराचा हिशेबही दोन्हीकडे वेगळा. सीईटीत चुकीला दंड नाही, तेव्हा एकही प्रश्न कोरा ठेवणे हा तोटाच. नीटमध्ये बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीला एक वजा. चार पर्यायांत डोळे मिटून खूण केली, तर चारांत एकदा चार गुण येतील आणि तीनदा एकेक जाईल. सरासरी पाव गुणाचा फायदा. एक पर्याय खात्रीने बाद करता आला, तर हाच फायदा दोन तृतीयांश गुणावर जातो. म्हणजे अर्धवट माहितीलाही किंमत आहे. मात्र ही सरासरी आहे, हमी नव्हे. पाच-दहा प्रश्नांत नशीब उलटूही शकते.

सर्वांत मोठा गोंधळ निकालाच्या दिवशी होतो. सीईटीचा निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो आणि चाळीत तो टक्के म्हणून सांगितला जातो. समजा, एका सत्रात दहा हजार मुले बसली आणि तुमच्या मुलीइतके किंवा तिच्याहून कमी गुण नऊ हजारांना पडले, तर तिचा पर्सेंटाइल नव्वद. प्रत्यक्षात तिला दोनशेपैकी एकशे दहाच मिळाले असतील. परीक्षा अनेक दिवस, अनेक सत्रांत चालते आणि प्रत्येक सत्राचा पेपर निराळा असतो. सकाळचा अवघड, दुपारचा सोपा, असे होणारच. म्हणून मुलांची तुलना आधी आपापल्या सत्रातच केली जाते. प्रत्येक सत्रातल्या अव्वल मुलाला शंभर पर्सेंटाइल मिळतो. त्यामुळे सारखे गुण पडलेल्या दोन मैत्रिणींचे पर्सेंटाइल वेगळे येऊ शकतात, आणि त्यात लबाडी नसते. या पद्धतीचे एक गृहीतक मात्र लक्षात ठेवावे : सगळ्या सत्रांत हुशार आणि सामान्य मुलांचे प्रमाण सारखेच आहे, असे ती धरून चालते. संख्या मोठी असली की हे बहुधा खरे ठरते.

पण पेपरच चुकला तर कोणतेही गणित उपयोगी पडत नाही. २०२५च्या एप्रिलमध्ये सीईटीच्या एका सत्रात गणिताचे २१ प्रश्न चुकीचे निघाले. अखेर ५ मे रोजी त्या सत्रातल्या मुलांची फेरपरीक्षा घ्यावी लागली. परीक्षेनंतर उत्तरसूची जाहीर होते आणि शुल्क भरून आक्षेप घेता येतो. तेव्हा निकालाची वाट पाहत स्वस्थ बसू नये. मुलाने स्वतःची उत्तरे ताडून पाहावीत.

उरतो भाषेचा प्रश्न. विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांतून मराठी गेली होती. ती परत यावी म्हणून रानडे यांनी आयुष्याच्या अखेरपर्यंत पाठपुरावा केला. आज नीट मराठीतून देता येते. पण मराठी पुस्तिका महाराष्ट्रातल्या केंद्रांवरच मिळते, आणि भाषांतरात घोटाळा निघाला तर इंग्रजी मजकूर अंतिम मानला जातो. मराठी शाळेत शिकलेल्या मुलाने म्हणूनच अर्ज भरताना भाषेचा रकाना विचारपूर्वक भरावा आणि पारिभाषिक शब्द दोन्ही भाषांत ओळखीचे करून घ्यावेत. ‘संवेग’ आणि ‘मोमेंटम’ एकच, हे त्याला परीक्षेच्या खोलीत पहिल्यांदा कळू नये.

१८५९ साली नापास झालेल्या शंभरावर उमेदवारांची नावे कोणाला आठवत नाहीत. पण त्यांतले सगळेच नालायक नसणार. आजच्या यादीत खाली राहणाऱ्यांचेही तसेच. ही परीक्षा जागा वाटण्याचे साधन आहे. ती एका दुपारची धावपट्टी मोजते, माणूस मोजत नाही. फाटकाबाहेर उन्हात पाण्याची बाटली घेऊन थांबलेल्या पालकांनी एवढे मनाशी पक्के करावे. पेपर सुटल्यावर मुलाला पहिला प्रश्न “किती बरोबर आले?” हा विचारू नये. “भूक लागली का?” हे विचारावे.