बाटलीवरची बारीक अक्षरं

दिवाळी सरली की आमच्या ग्रामीण रुग्णालयाची ओपीडी खोकू लागते. केसपेपरवर बहुतेकदा एकच ओळ असते: सर्दी, खोकला, कणकण. खिडकीतून औषधं घेतली की माणसं पुन्हा माझ्या टेबलाशी येतात. ‘सिस्टर, हे कसं द्यायचं?’ अर्धी सकाळ याच्या उत्तरात जाते, आणि ती जायलाच हवी. सर्दीच्या औषधाला कुणी औषध मानत नाही, म्हणून घरी आधी काय काय देऊन झालंय तेही कुणी आपणहून सांगत नाही.

मूल आलं की मी पहिल्यांदा त्याच्या अंगावरचं झबलं वर करते. बाळ शांत असताना, शक्यतो आईच्या अंगावर पीत नसताना, पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आत साठ, वर्षाच्या आत पन्नास, पाच वर्षांपर्यंत चाळीस. आकडा तिथे पोचला किंवा पोट उडताना बरगड्यांखाली खड्डा पडत असला, तर रांग सोडून थेट डॉक्टरांकडे. अशा बाळाला खोकल्याच्या बाटलीचा काही उपयोग नसतो.

मग वजन, आणि आईची पिशवी. ती मी टेबलावर रिकामी करून घेते. गेल्या हिवाळ्यातली अर्धी बाटली, मोठ्या भावाची उरलेली, कालच मेडिकलमधून आणलेली. नावं निराळी, बारीक अक्षरं वाचली तर दोन-तीन बाटल्यांत तेच पॅरासिटामॉल. समजा, बाळ दहा किलोचं आहे. किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे एका वेळी १५०. एका बाटलीत ५ मिलिलिटरला १२५ मिलिग्रॅम असतं. तिच्यातून ६ मिलिलिटर द्यायचं. दुसरी दिसायला अगदी तशीच, पण ५ मिलिलिटरला २५०, तिच्यातून ३. तिसरी थेंबांची इवलीशी बाटली, १ मिलिलिटरला १००. तिच्यातून फक्त दीड. तान्ह्यांसाठी असतं म्हणून थेंबांचं औषध सौम्य, असं बहुतेकांना वाटतं. खरं तर तिघांत तेच सगळ्यांत जहाल. त्यातून कुणी ६ मिलिलिटर पाजलं तर बाळाच्या पोटात चौपट डोस जातो, आणि त्याचा भार यकृतावर पडतो.

‘एक चमचा’ हा शब्द मी वापरत नाही. प्रत्येक घरातला चमचा वेगळा. बिनसुईची सिरिंज घेऊन हव्या त्या रेघेवर बॉलपेननं खूण करते आणि आईला माझ्यासमोर एकदा पाणी ओढायला लावते. तिनं बरोबर ओढलं की सांगते, घशात पिचकारी नको, गालाच्या आतल्या बाजूनं हळूहळू सोडा.

खोकल्याच्या पातळ औषधाबद्दल मात्र माझं मत कडक आहे. एकाच बाटलीत कफ पातळ करणारं अँब्रॉक्सॉल आणि खोकल्याची उबळ दाबणारं डेक्स्ट्रोमेथॉर्फन. कफ सुटला तर तो खोकूनच बाहेर पडणार ना? सर्दीच्या औषधांतलं सीपीएम आणि फिनाइलेफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखालील मुलांना द्यायचं नाही, असा केंद्राचा आदेश आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं लिहूच नका, पाच वर्षांखाली सहसा टाळा, अशी सूचना निघाली. त्यामागे छिंदवाड्याची मुलं होती. त्यांनी प्यायलेल्या सिरपमध्ये तपासणीत ४८.६ टक्के डायइथिलिन ग्लायकॉल निघालं. मूत्रपिंडं निकामी झाली, वीसहून अधिक मुलं गेली. त्यांतल्या अनेकांवर नागपुरात उपचार चालू होते. हेच विष १९८६ मध्ये मुंबईत जे. जे. रुग्णालयातल्या ग्लिसरिनमध्ये सापडलं होतं. तेव्हा चौदा रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला. या विषाला रंग नाही, चव गोड. नर्सला बाटली हातात धरून ते ओळखता येत नाही. मला विचारता येतं ते एवढंच: बाळानं शेवटची लघवी कधी केली? औषध चालू असताना उलट्या आणि लघवी कमी झाली, तर बाटलीसकट लगेच परत या, हे मी प्रत्येक आईला दोनदा सांगते.

वर्षावरच्या मुलाला झोपताना थोडा मध चालतो. वर्षाच्या आत चाटणसुद्धा नको, गुटीतूनही नाही. मधातल्या जंतूमुळे तान्ह्याला बोटुलिझम होऊ शकतो. हे सांगताना आजीबाईंची समजूत काढावी लागते, आणि ती आदरानंच काढायची.

मोठ्यांचे प्रश्न वेगळे. दर थंडीत कुणीतरी आजोबा पोट धरून येतात: ‘सिस्टर, रात्रीपासून लघवीच नाही.’ ओटीपोट टणक, कपाळावर घाम. कॅथेटर घातल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडतो, मग विचारायचं, ‘आजोबा, सर्दीची गोळी घेतली का?’ बहुतेकदा घेतलेली असते. त्या गोळीतलं सीपीएम नाकाचं पाणी आटवतं तसंच मूत्राशयाचं आकुंचनही मंदावतं. प्रोस्टेट वाढलेला असेल तर लघवी तुंबते. याच गोळीनं झापड येते, म्हणून ट्रॅक्टर चालवणाऱ्याला आणि ऊसतोडीला कोयता धरणाऱ्याला मी ती दिवसा घेऊ देत नाही. नाकात टाकायच्या झायलोमेटाझोलिनलाही मुदत असते, तीन ते पाच दिवस. त्यापुढे तेच थेंब नाक चोंदवून ठेवतात.

महिनोन्‌महिने कोरडी ढास लागलेल्या मावशींना मी रक्तदाबाची गोळी दाखवायला सांगते. पाकिटावर एनालाप्रिल किंवा रॅमिप्रिल असेल तर खोकल्याचं मूळ तिथेच असू शकतं. मनानं गोळी बंद करू नका, डॉक्टर बदलून देतील, असं सांगून केसपेपरवर तशी नोंद करते. आणि खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला असेल तर बाटलीऐवजी क्षयाच्या तपासणीसाठी थुंकीची डबी हातात देते: सकाळी उठल्यावर, चूळ भरून, खोल श्वास घेऊन छातीतून काढलेला बेडका हवा, नुसती लाळ चालणार नाही.