प्रोस्टेटचे रेडिएशन : तीन चित्रे, तीन प्रश्न

‘सीटी स्कॅन झालाय, मग पुन्हा एमआरआय कशाला?’ प्रोस्टेटच्या कॅन्सरवर रेडिएशन द्यायचे ठरले की घरोघरी हा प्रश्न निघतो. धाराशिव जिल्ह्यात तो खर्चाइतकाच अंतराचाही असतो. भूम आणि परांडा हे तालुके बार्शीच्या ग्रामीण कर्करोग नोंदणीत १९८७ पासून आहेत आणि तिथल्या रुग्णांना बार्शीचे कॅन्सर रुग्णालय जवळ पडते. मात्र काही तपासण्यांसाठी मोठ्या शहराची वाट धरावी लागते. म्हणूनच कोणती तपासणी कशासाठी असते, हे आधी समजून घेतलेले बरे.

प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखाली असलेली, अक्रोडाएवढी ग्रंथी. तिच्या मधून मूत्रनलिका जाते, तर मागे काही मिलिमीटरवर गुदाशय असतो. किरणांची कक्षा लहान पडली तर कॅन्सर शिल्लक राहतो. मोठी झाली तर लघवीची जळजळ आणि शौचावाटे रक्त जाणे असे त्रास मागे लागू शकतात.

नियोजनाचा पाया असतो सीटी स्कॅन. शरीराचा कोणता भाग किती किरण शोषेल, हे गणित त्यावरून मांडता येते. पण मऊ अवयवांमधला फरक सीटीत नीट उमटत नाही. ग्रंथी, स्नायू, रक्तवाहिन्या सारख्याच करड्या दिसतात. त्यामुळे सीटीवर आखलेली ग्रंथी प्रत्यक्षापेक्षा मोठी येते. एमआरआयशी तुलना केलेल्या अभ्यासांत ही वाढ साधारण ३० ते ४० टक्के आढळली आहे.

ग्रंथीची नेमकी सीमा दाखवतो एमआरआय. ग्रंथीत गाठ कुठे आहे, हेही त्यात दिसते. नेदरलँड्स आणि बेल्जियममधील ‘फ्लेम’ या चाचणीत ५७१ रुग्ण होते. एमआरआयवर दिसलेल्या गाठीला जादा मात्रा दिली, तेव्हा पाच वर्षांनी आजार न उलटलेल्यांचे प्रमाण ८५ वरून ९२ टक्क्यांवर गेले आणि दुष्परिणामांत लक्षणीय वाढ झाली नाही. मात्र मात्रेचे गणित एमआरआयवरून थेट होत नाही. म्हणून तो संगणकावर सीटीशी जुळवून घेतात. एक दुसऱ्याची जागा घेत नाही, ती यामुळेच.

तिसरा प्रश्न : आजार ग्रंथीबाहेर गेला आहे का? त्याचे उत्तर पीएसएमए पेट स्कॅन देतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत, जास्त जोखमीच्या ३०२ रुग्णांमध्ये त्याची अचूकता ९२ टक्के भरली. सीटी आणि बोन स्कॅन मिळून ६५ टक्के. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये २२४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत बहुतेकांचा हा स्कॅन आधी केलेला होता. ओटीपोटातील लसिकाग्रंथींनाही किरण दिलेल्या गटात पाच वर्षांनंतर ९५ टक्के रुग्णांचा पीएसए आटोक्यात राहिला. फक्त प्रोस्टेटला दिलेल्या गटात ८१ टक्के. लघवीचे त्रास मात्र पहिल्या गटात अधिक होते आणि एकूण आयुर्मानात फरक दिसला नाही. म्हणजे कक्षा वाढवण्याचीही किंमत असते.

म्हणून प्रत्येकाने सगळेच स्कॅन करावेत असे नाही. कमी जोखमीच्या आजारात पेटची सहसा गरज नसते. सोनोग्राफीचा मुख्य उपयोग ग्रंथीतच किरणोत्सर्गी स्रोत ठेवण्याच्या ब्रॅकीथेरपीत होतो.

क्रम मात्र महत्त्वाचा. एमआरआय शक्यतो बायोप्सीपूर्वी करावा. नंतर काही आठवडे रक्तस्रावाचे डाग चित्रात घोळ करतात. पेट स्कॅन हवा असेल तर हार्मोनचे इंजेक्शन सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. पेसमेकर असेल तर आधी सांगावे. दुसऱ्या गावी जाताना फक्त रिपोर्टचा कागद नेऊन भागत नाही, स्कॅनची सीडीही हवी; चित्रे जुळवायची असतात ती मूळ चित्रांवरूनच. ती सोबत नसेल तर तोच स्कॅन, तोच खर्च आणि तोच प्रवास पुन्हा करावा लागू शकतो.

आणि चित्र कितीही चांगले असले तरी ते एका दिवसाचे असते. मूत्राशय भरले की, गुदाशयात वायू साठला की ग्रंथी सरकते. म्हणून रोज ‘एवढे पाणी प्या, पोट साफ करून या’ असे सांगितले जाते. ही सूचना पाळणे हा उपचाराचाच भाग आहे आणि त्याला एक पैसाही लागत नाही.