'सिम्स ४'ची बाजू घेतोय, शिव्या चालतील!

'सिम्स ३' या गेममध्ये (२००९) अख्खं गाव मोकळं होतं. 'सिम्स ४'ने (२०१४) त्याचे तुकडे केले. शेजाऱ्याकडे जायचं तरी लोडिंग! लोक अजून चिडतात. पण सगळं गाव एकदम चालवताना जुना गेम रखडायचा. आता एका वेळी एकच प्लॉट, म्हणून आमच्या कट्ट्यावरच्या साध्या लॅपटॉपवरही 'सिम्स ४' चालतो. पात्रांच्या मूडचं प्रकरणही मला आवडतं. पात्र रागावलं की चाल बदलते, अति हसलं तर चक्क मरतं! दुडदुडणारी लहान पोरं मात्र २०१७पर्यंत नव्हतीच. पाळण्यातलं बाळ थेट शाळेत! त्याचं समर्थन नाही करणार. 'सिम्स ४'चा मूळ गेम ऑक्टोबर २०२२पासून फुकट आहे. आधी खेळा, मग भांडायला या.