कळ थांबवायची नवी कळ!

दारात बोट चेमटलं, तर दुखतं कुठे? बोटात? साफ चूक, कामोठेकर! बोट फक्त सिग्नल सोडतं, 'आई गं!' ठरवतो मेंदू. समजा, हा सिग्नल म्हणजे मानसरोवरहून सुटलेली सीएसएमटी लोकल. मॉर्फिनसारखी ओपिऑइड औषधं तिला मुख्यतः शेवटच्या टप्प्यात, मेंदू-मज्जारज्जूत अडवतात. पण 'मस्त वाटतंय, अजून हवं' हे खातंही मेंदूतच. व्यसन जडतं ते तिथे!

मग गाडी मानसरोवरलाच रोखली तर? रोखली! ३० जानेवारी २०२५ ला अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने सुझेट्रिजिन मंजूर केलं. ही गोळी वेदना वाहणाऱ्या नसांमधलं 'नाव्ह १.८' हे सोडियमचं दार बंद करते. मोठ्या चाचण्या कुणावर झाल्या, माहीत आहे का? टमी टक केलेल्यांवर! आणि पायाच्या अंगठ्याचं हाड नीट करून घेतलेल्यांवर.

निखाऱ्यांवर चालणारा पोरगा! उत्तर पाकिस्तानातला हा मुलगा हातात सुरे खुपसून खेळ दाखवायचा. वेदना शून्य! २००६ मध्ये गुपित फुटलं: अशा मुलांमध्ये 'नाव्ह १.७' हे नसांमधलं दुसरं सोडियमचं दारच बिघडलेलं होतं. वेदना रोखायला संशोधकांना नवा पत्ता मिळाला.

शंखातून औषध? होय! विषारी शंखगोगलगायीच्या विषावरून बनलेलं झिकोनोटाइड २००४ पासून आहे. फक्त ते थेट मणक्यातल्या द्रवात सोडावं लागतं.

भिवापुरी मिरचीचा ठसका आठवा! त्यातल्या कॅप्सेसिनचा माग काढत डेव्हिड ज्युलियस २०२१ च्या नोबेलपर्यंत पोचले. याच कॅप्सेसिनचा ८ टक्क्यांचा पॅच नसांच्या दुखण्यावर लावतात. तिखटच, पण गुणी!

सवय लावत नाही म्हणजे निर्धोक? थांबा! गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या पेनकिलरने गिधाडं मेली. २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी त्यावर बंदी आली. आपल्याच रायगडात, म्हसळा-श्रीवर्धनकडे, गिधाडांची घरटी आहेत. मेलॉक्सिकॅम हे पेनकिलर मात्र त्यांना चालतं, बरं का!

हेरॉइन कधीकाळी खोकल्याचं औषध होतं, माहीत आहे का? १८९८ मध्ये बायर कंपनीनेच ते बाजारात आणलं! म्हणूनच नव्या गोळीची जाहिरात नाही, चाचणी बघायची.

आता घरी येऊ! कामोठ्यात १९८९ पासूनचं एमजीएम मेडिकल कॉलेज, शेजारी खारघरला टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक. अशा ठिकाणी कॅन्सरच्या असह्य वेदनेला आजही मॉर्फिन लागतं. पेशंटला ते मिळणं सोपं व्हावं म्हणून २०१४ मध्ये अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा बदलला. डॉक्टरांनी दिलं, तर घाबरू नका. पण मेडिकलमधून स्वतःच्या मनाने पेनकिलर? अजिबात नाही!